बापूस, गणपतीला न आल्याबद्दल आणि आणखी एका गोष्टीबद्दल

पिंपरी,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय बापू,

हाताला अजून स. न. वि. वि. लिहायची सवय आहे, पण तुला नमस्कार घातला तर तू शिवीच देशील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

जूनपासून तुझे नऊ फोन आले. मी मोजलेत. एकही उचलला नाही. हिने दोनदा उचलून "झोपलेत" असं सांगितलं. सकाळी अकराला झोपणारा माणूस मी नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? चाळीस वर्षांत पहिल्यांदा गणपतीला गावी आलो नाही. तरी तू कुलूप काढून, ओटी सारवून घेऊन, माझ्या घरचा गणपती बसवलास आणि फोटोखाली एकच शब्द पाठवलास, "बसवला". त्या एका शब्दाने मी दोन दिवस जेवलो नाही. एक ओळ शिवी लिहिली असतीस तर बरं वाटलं असतं. (मखर वाकडं लावलंयस. दरवर्षी सांगतो, डावीकडे पाचर घाल.)

तब्येती: माझी साखर जिथे होती तिथेच आहे, हिचे गुडघे तसेच. झालं.

ताईला मुलगी झाली हे भिकूशेटच्या सुनेकडून कळलंच असेल. पुढचं कळलं नसेल, कारण आम्ही कोणालाच सांगितलं नाही. पोरीच्या पोटात गाठ होती. डाव्या बाजूला.

एवढं लिहून उठलो आणि चहा करून प्यायलो. आता सगळं लिहितो. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. पाच रुपयांच्या तिकिटात वीस ग्रॅम जातात आणि हे त्याहून जड होणार, तेव्हा जादा तिकिटं लावीन. मी टाकलेलं पत्र तुझ्याकडे नॉटपेड होऊन आलं तर पेन्शन बंद करतील.

सातव्या महिन्यातच ताईचं पोट दिवसांच्या मानाने मोठं दिसत होतं. विहीणबाई म्हणाल्या, जुळं आहे. सोनोग्राफीत एकच बाळ होतं, पण भोवतीचं पाणी फार होतं आणि बाळाच्या डाव्या मूत्रपिंडाच्या जागी काहीतरी भरीव दिसलं. भरीव या शब्दावर आमच्या घरात आठ दिवस काढले गेले. नुसतं पाणी साठलेलं असतं तर बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. नवजात बाळाच्या पोटातल्या फुगवट्यांत सगळ्यात जास्त तेच सापडतं, वाट अडून मूत्रपिंड फुगतं, आणि त्यातलं पुष्कळसं आपोआप किंवा थोडक्यात निभावतं. आमचं भरीव निघालं. कशात तरी आपण नेहमीपेक्षा वेगळे असावं अशी माझी फार इच्छा होती ना, नमन-खेळ्यात संकासुराचं सोंग मलाच हवं म्हणून तुझ्याशी भांडलो होतो ना, घे!

पस्तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. बावीस जूनला सिझर. वजन २ किलो ३०० ग्रॅम, आणि त्यात गाठीचंही वजन धरलेलं. रडली मात्र अशी की लॉबीतला वॉचमन उठून बसला.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटीवर एक कागद चिकटवला: पोट दाबू नये. बापू, तो कागद बघून मी बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. का ते तुला कळेल. विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, गाठ कसली आहे ते माहीत नसतं, दाबून आत फुटली तर जे एका पिशवीत आहे ते पोटभर होतं. आणि आपण त्या वेळी? अख्खी वाडी येऊन हात लावून गेली. काकीने तेल लावून चोळलं. मीसुद्धा दोन बोटं ठेवून बघितलं आणि "कच्च्या फणसासारखं लागतंय" म्हणालो. माझे शब्द मला आठवतात. तुला आठवत नसतील अशी आशा होती, आता तीही ठेवत नाही.

थांब. आधी इकडचं पुरं करतो.

पेटीत तिसऱ्या दिवशी कळलं की पोरीचं बीपी वाढलंय. बीपी! मला साठीला आलं, हिला तिसऱ्या दिवशी. नवजात बाळाचं वरचं बीपी साठ-सत्तरच्या घरात असतं, हिचं ११० च्या वर. पट्टा केवढा तर माझ्या अंगठ्याला बसेल एवढा. ही गाठ मूत्रपिंडाला चाळवते, ते रक्तात एक रस सोडतं, त्याने दाब चढतो, असं बाई म्हणाल्या. बाई म्हणजे बालशल्यचिकित्सक, वयाने आपल्या ताईपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या, बोलायला आपल्या शाळेतल्या हेडबाईंसारख्या. मी एकदा "मॅडम, कॅन्सर तर नाही ना" म्हणालो तर म्हणाल्या, "आजोबा, मी आत बघितल्याशिवाय बोलत नाही, आणि बघूनसुद्धा रिपोर्टशिवाय बोलत नाही."

मग तपासण्या. सीटी स्कॅन झाला, लघवी गेली, रक्त गेलं. लघवी कशाला, तर मूत्रपिंडाच्या डोक्यावर जी ग्रंथी बसलेली असते तिची एक वाईट गाठ असते, ती लघवीत खूण सोडते. ती खूण नव्हती. स्कॅनमध्येही ती ग्रंथी वेगळी, सुखरूप दिसली. गाठ मूत्रपिंडातूनच उगवलेली. आणि रक्ताचं काय झालं ते ऐक. रात्री साडेअकराला जावईबापूंच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. अल्फा फीटोप्रोटीन: बेचाळीस हजारांच्या वर. पुढे छापलेलं, नॉर्मल दहाच्या आत. आणि आकड्याला तारा. तो पोरगा इंजिनिअर आहे, त्याने ते नाव मोबाइलवर शोधलं आणि यकृताचा कॅन्सर हा शब्द वाचून बाथरूमचं दार लावून घेतलं. मी बाहेरून दार वाजवतोय, ही देवापुढे, आणि विहीणबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट कोणाची काढायची ते ठरत नाही म्हणून हॉलमध्ये उभ्या. सकाळी बाई ते बघून हसल्या. हसल्या, बापू! म्हणाल्या, ते दहा तुमच्या-माझ्यासाठी. पोटातलं बाळ हे प्रथिन ढिगाने बनवतं, जन्मताना प्रत्येक बाळात ते हजारांनी असतं, आठेक महिन्यांत उतरत मोठ्या माणसाइतकं होतं. छापणारं मशीन वय बघत नाही. त्या पोराने एक रात्र त्या ताऱ्यापायी काढली. आमच्या वेळी चुकीच्या गावाचा शिक्का पडला तर जाब द्यावा लागायचा.

आता मुद्दा सुईचा. जावयाच्या काकांचं म्हणणं, आधी सुई घालून तुकडा काढा, तपासा, मग कापा. मलाही पटत होतं. बाई म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाच्या एकाच मूत्रपिंडातली गाठ सुईने टोचत नाहीत, काढता येण्यासारखी असेल तर अख्खी काढतात. सुईच्या वाटेने पेशी बाहेर सांडल्या तर आपणच आजार एक पायरी वर चढवतो. आणि या वयात मूत्रपिंडात भरीव गाठ निघाली तर बहुतेक वेळा ती एका जातीचीच असते. नाव लिहून घेतलं, वही समोर आहे: कंजेनायटल मेसोब्लास्टिक नेफ्रोमा. म्हणजे मूत्रपिंड घडत असताना त्याचा जो कच्चा माल असतो त्यातूनच गाठ होते. मोठ्या मुलांना होते ती विल्म्सची गाठ, कॅन्सरची. ती एका जर्मन सर्जनच्या नावाने आहे, त्याने १८९९ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. इतक्या तान्ह्या बाळात ती फार क्वचित.

एक जुलैला, मंगळवारी, ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी रक्ताची बाटली राखून ठेवायला सांगितली. मी विचारलं, एवढ्याशा बाळात रक्त असतं किती? किलोमागे ऐंशी-पंच्याऐंशी मिलिलिटर. तुझं गणित कच्चं आहे म्हणून मीच करतो: १९० मिलिलिटर. वहिनींचा तो कानतुटका चहाचा कप आहे ना, तेवढं. त्यातलं वीस मिलिलिटर गेलं तर आपलं अर्धा लिटर गेल्यासारखं. म्हणून कापसाचा प्रत्येक बोळा वजन करून मोजतात. आणि थिएटरमध्ये एसी बंद. बाळ गार पडू नये म्हणून हातपाय कापसात गुंडाळलेले, खाली गरम पाण्याची गादी. अडीच तासांनी बाई बाहेर आल्या तेव्हा घामाने चिंब, जणू पालखी नाचवून आल्यात. गाठ आणि मूत्रपिंड एकत्रच काढावं लागलं, भोवतीची चरबी आणि लघवीची नळीही, शेजारच्या दोन-चार लसीकाग्रंथी तपासायला घेतल्या. काढलेलं सगळं मिळून १२० ग्रॅम. तेवढ्या बाळाचं चांगलं मूत्रपिंड पंधरा ग्रॅमसुद्धा भरत नाही. मी ते बघायला मागितलं. जावई म्हणाला, बाबा नको. मी बघितलं. कापलेला भाग पांढुरका, घट्ट, दोऱ्याच्या लडीसारखा पिळदार. त्यात घाण वाटावं असं काहीच नव्हतं. मला वाटलं होतं काळं काहीतरी असेल.

मग रिपोर्टची वाट. तेवीस दिवस. यातलं सगळ्यात वाईट तेच. पोरगी बरी होत होती, बीपी उतरलं, दूध पिऊ लागली, आणि आम्ही तिच्याकडे बघून हसायला घाबरायचो. या गाठीच्याही जाती असतात. एक जुनी, सरळ जात. दुसरीत पेशी दाट, ती पुन्हा उगवण्याचा संभव जास्त. तिसरी मिसळीची. दाट जातीत बहुतेकदा बारा आणि पंधरा नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदललेले असतात. ऐकून मला राजापूरची ती रात्र आठवली, लांज्याची थैली कणकवलीच्या गाडीत आणि कणकवलीची लांज्याच्या, आणि गोविंदमामा डोक्याला हात लावून बसलेला. तसंच, फक्त इथे चुकलेली पत्रं परत आणता येत नाहीत. ते तपासायला गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून मुंबईला पाठवला. बाई म्हणाल्या, अदलाबदल निघालीच आणि पुढे गरज पडली तर आता त्यावर थेट औषध निघालंय, लॅरोट्रेक्टिनिब. हे नाव मी तीन दिवस पाठ केलं. अथर्वशीर्षाला एवढे दिवस लागले नव्हते.

चोवीस जुलैला रिपोर्ट आला. जुनी, सरळ जात. अदलाबदल नाही. कापलेल्या कडा मोकळ्या, शेजारच्या ग्रंथींत काही नाही. किमो नाही, किरणांचा शेक नाही. बाई म्हणाल्या, "साधी गाठ होती, आजोबा."

साधी. महिनाभर मी या शब्दाशी भांडतोय. साधी म्हणजे काय रे? साधी असली तरी पिशवी करून बसत नाही, शेजारच्या मांसात बोटं घालते, जरा मागे राहिली तर पुन्हा येते. म्हणून वर्षभर दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी, कारण यायची तर बहुतेक पहिल्याच वर्षात येते. पोरीचं एक मूत्रपिंड गेलं, दुसरं हळूहळू मोठं होऊन दोघांचं काम करेल, तिला खेळता येईल, लग्न, मुलं सगळं होईल, फक्त बीपी आणि लघवी आयुष्यभर मधूनमधून बघायची, दुखलं की गोळी असली चैन नाही. मी विचारलं, मग साधी का म्हणता? त्या म्हणाल्या, "दुसरी असती तर तुम्ही हा प्रश्न विचारत बसला नसतात."

आता ते. लांबवलं तेवढं पुरे.

रिपोर्ट मिळाल्यावर सगळे पेढे आणायला गेले आणि मी एकटा परत बाईंच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, एक जुनी गोष्ट विचारायची आहे. मुलगा, आषाढातला जन्म, डावीकडे कडक गाठ, सतरा दिवस जगला, बारसं लांबवलेलं. १९८८ साल. विचारलं, तेव्हा हे ओळखता आलं असतं का? त्या म्हणाल्या, ही गाठ विल्म्सहून निराळी आहे हे बोलांडे नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६७ सालीच मांडलं होतं. त्याआधी अशा बाळांना कॅन्सर समजून औषधं आणि शेक देत, आणि काही बाळं गाठीने न जाता उपचारांनी जात. पण १९८८ म्हणजे त्यानंतर वीस वर्षं, मुंबईत झालं असतं. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, तुमच्या त्या बाळाला काय होतं ते मी कसं सांगू? काचपट्टी नाही, फोटो नाही. पाणी साठलेलं असेल, वाईट गाठ असेल, कशानेही गेला असेल. नुसत्या हाताला लागलेल्या गाठीवरून कोणीच सांगू शकत नाही.

तेव्हा हे ध्यानात ठेव. त्याला हेच होतं असं मी म्हणत नाही. तसं कोणालाच म्हणता येणार नाही. हे तुला कळवावं की नाही यातच तुझे नऊ फोन गेले. आमची वाचली हे तुला सांगायचं कुठल्या तोंडाने, आणि तुझ्याशी बोलून हे न सांगता फोन ठेवायचा कसा?

पण तालुक्याच्या डॉक्टरने वाडियाला न्या असं सांगितलं होतं. परळला. रातराणीने अकरा-बारा तास, रेल्वे यायला अजून दहा वर्षं होती. तू रात्री गिरण बंद करून, अंगावर पीठ तसंच, माझ्याकडे आलास. दोन हजार मागितलेस. मी म्हणालो, पैसे अडकलेत. ते खरं होतं. एप्रिलमध्ये किसान विकास पत्रं निघाली होती, साडेपाच वर्षांत दुप्पट, आणि टार्गेट पुरं करायला मी स्वतःच्या नावावर तीन हजारांची घेतली होती. अडीच वर्षं मोडता येत नव्हती. पण बचत खात्यात अठराशे होते, बापू. पासबुक खिशात होतं. आणि वर मी तुला शहाणपण शिकवलं, अशी पोरं जगत नाहीत, कर्ज करून घेऊ नकोस, वहिनींना सांभाळ. तू "बरं" म्हणालास. पावसात निघून गेलास. मला वाटलं, चला, समजलं याला.

हे हिला ठाऊक नाही. या वेळी ऑपरेशनच्या आधी जावई म्हणाला, इन्शुरन्सचं बघावं लागेल, तर मी एका दुपारी पोस्टात जाऊन सगळं मोडून आलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, मुदतीला चारच महिने राहिलेत, नुकसान होईल. मी तिच्याशी असा बोललो की मला बाहेर येऊन पाणी प्यावं लागलं. नंतर परत जाऊन माफी मागितली. तिला काय कळणार?

सदतीस वर्षांत तू हा विषय एकदाही काढला नाहीस. विहिरीच्या हद्दीवरून दोन वर्षं बोलला नाहीस, कॅरमच्या राणीवरून माझ्या बापाचा उद्धार केलास, पण हा नाही. विहिरीच्या भांडणात तू जे ओरडत होतास ते विहिरीचंच होतं का, हे मी आता विचारत बसलोय. (हद्द मात्र माझीच होती. सातबारा काढून दाखवतो.)

पैसे द्यायचं काढलं तर तू हाताला लागेल ते फेकून मारशील, म्हणून काढत नाही. माफ कर असंही लिहून बघितलं, दोन कागद फाडले. पासबुक खिशात होतं, एवढं तुला कळायला हवं होतं, ते आता कळलं.

तुझं कसं आहे? मोतीबिंदूचं झालं का? या वर्षी मोहोर बरा होता म्हणे, पेट्या किती गेल्या? धाकट्याच्या दुकानाला गिऱ्हाईक आहे ना? गिरणीचा पट्टा बदल, मागच्या खेपेला तो तुटायला आलेला मी स्वतः बघितलाय.

काल ग्रहण होतं. विहीणबाईंनी ताईला आणि पोरीला खोलीतून हलू दिलं नाही, आणि पोरीने नेमकं मध्यरात्री सगळ्यांना उठवून दूध मागितलं. पोटावर आडवी टाक्याची रेघ आहे, आता फिकट होत चाललीय. पोट दाबायला अजून माझा हात होत नाही. आंघोळ घालणारी बाई तेल लावते तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

तीस सप्टेंबरला पहिली सोनोग्राफी. ती नीट आली तर दसऱ्यानंतर बारसं, गावच्या घरीच करायचं असं ताई म्हणते. तिला पाळणा वहिनींच्याच आवाजात हवाय, लहानपणी तिने तो काकीच्या नातवाच्या वेळी ऐकलेला. तिला बाकीचं काही माहीत नाही. मी "बघू" म्हणालोय. वहिनींना तू काही विचारू नकोस. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तुझ्यावर. दाखवलंस तर सगळं दाखव, पासबुकासकट.

आणि फोन कर. तीसच्या आधी केलास तरी चालेल. उचलतो.

तुझा,
मास्तर

ता. क. गणपतीच्या खोलीचं छप्पर गळत होतं का? फोटोत भिंतीवर ओल दिसली.